भूत रात्रीच कशाला हवं?

शॉर्टफिल्म प्रोजेक्टचा जॉनर ठरवताना ग्रुपमध्ये गोष्टीवर भांडण होतं, बजेटवर होतं. घड्याळाकडे मात्र कोणी बघत नाही.

‘शॉर्टफिल्म करायची’ हे ठरायला ग्रुपला पाच मिनिटं लागतात. ‘कसली?’ या प्रश्नावर मात्र पुढचे तीन आठवडे जातात आणि तेवढ्यात कटिंग किती रिचवले याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मास कॉम, मास मीडिया, जर्नालिझम, कुठल्याही कोर्सचं शेवटचं वर्ष घ्या. सबमिशनची तारीख बोर्डावर लागली की कँटीनमध्ये पहिला आवाज येतो तो हॉररचा. मग कोणीतरी ‘थ्रिलर’ म्हणतं, कोणीतरी ‘काहीतरी सोशल’ म्हणतं आणि जो एरवी गप्प बसलेला असतो तो म्हणतो, ‘आधी स्टोरी तर सुचू दे, जॉनर नंतर बघू.’

हे शेवटचं वाक्य ऐकायला अगदी बरोबर वाटतं. पण आपल्याला दोन तासांचा सिनेमा करायचा नाहीये, आठ-दहा मिनिटांची फिल्म करायची आहे. मोठ्या सिनेमात प्रेक्षकाला स्थिरस्थावर व्हायला पंधरा-वीस मिनिटं देता येतात. आपल्याकडे पहिलं अर्धं मिनिट आहे. तेवढ्यात समोरच्याला कळायला हवं की इथे हसायचंय, घाबरायचंय की काहीतरी शोधायचंय. ते कळलं नाही तर तो भीतीच्या जागी हसतो. कॉलेजच्या स्क्रीनिंगला हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पांढऱ्या साडीतली मैत्रीण जिन्यावरून खाली येते आणि मागच्या बेंचवरून हशा येतो. त्यात मैत्रिणीच्या ॲक्टिंगचा दोष नसतो. फिल्मने आपण कोण आहोत हेच सांगितलेलं नसतं.

जॉनर म्हणजे प्रेक्षकाशी आधीच केलेला करार. तो पाळता येतो, मोडताही येतो, पण मोडायचा तर आधी तो झालेला असावा लागतो.

आता ‘सोशल’चं बघू, कारण निम्म्या प्रोजेक्टचं अडतं ते तिथेच. सामाजिक हा विषय झाला, तो जॉनर नव्हे. हुंडा, पाणी, मोबाइलचं व्यसन हे विषय कॉमेडीतही येतात आणि भुताच्या गोष्टीतही. मराठीत ‘लपाछपी’चं उदाहरण आहे. विशाल फुरिया यांच्या या सिनेमात उसाच्या शेतात एकटं उभं असलेलं घर आहे, गरोदर बाई आहे, भीती आहे आणि त्या भीतीच्या मुळाशी स्त्रीभ्रूणहत्या आहे. पुढे २०२१ मध्ये फुरियांनीच ‘छोरी’ नावाने तो हिंदीत केला. शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘मुलगी वाचवा’ असं लिहून मागे पियानो वाजवण्यापेक्षा ही वाट कितीतरी जास्त अंगावर येते. (त्या पियानोवर एकदा कोणीतरी बंदी घालायला हवी. दरवर्षी तोच असतो.)

साहित्य आणि कृती

जॉनरचा रिसर्च म्हणजे नेमकं काय करायचं? बहुतेक ग्रुप सिनेमांची यादी करतात, त्यातले दोन बघतात आणि सिनॉप्सिसमध्ये ‘इन्स्पायर्ड बाय’ लिहून मोकळे होतात. रिक ऑल्टमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्ये जॉनरबद्दल एक मांडणी केली होती. लायब्ररीतल्या पुस्तकांत ती बरीच जड भाषेत भेटते, पण आपल्या घरच्या पाककृतीच्या वहीत ती आधीपासून आहे. वर ‘साहित्य’, खाली ‘कृती’. ऑल्टमनचं म्हणणं साधारण तसंच आहे. एक असतं जॉनरचं सामान: जुना वाडा, करकरणारं दार, बाहुली, पाऊस, पोलीस, पिस्तूल. दुसरी असते त्या सामानाची मांडणी: काय आधी येतं, कोणाला काय माहीत असतं, कोण कोणाच्या मागे लागतं, शेवटी कुठली घडी पुन्हा बसते.

‘झपाटलेला’ आठवा. १९९३ चा, महेश कोठारेंचा. मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, मंत्र आहे, खून आहेत. सामान सगळं भयपटाचं. कृती मात्र कॉमेडीची, कारण बाहुल्यासमोर लक्ष्मीकांत बेर्डे उभे आहेत. लहानपणी तात्या विंचूला घाबरलेली आणि त्याच सिनेमाला खो-खो हसलेली मंडळी एकाच घरात असतात ती त्यामुळेच.

विद्यार्थ्यांच्या फिल्म्स फसतात त्या बहुधा सामान गोळा करण्यात. मेकअप होतो, मेणबत्त्या येतात, कोणाच्या तरी गावचा वाडा मिळतो आणि कृतीची पाटी कोरीच राहते. ‘तुंबाड’ बघून आलेल्या प्रत्येक ग्रुपला तो पाऊस आणि तो वाडा हवा असतो. राही अनिल बर्वे यांचा तो सिनेमा २०१८ मध्ये पडद्यावर येईपर्यंत अनेक पावसाळे गेले. आपल्याकडे एक सेमिस्टर असतं, त्यातही मध्ये इंटर्नल्स.

त्यामुळे बघायच्या त्या शक्यतो आपल्याएवढ्याच फिल्म्स. ‘लाइट्स आउट’ ही शॉर्टफिल्म २०१३ ची. स्वीडनच्या डेव्हिड सँडबर्गने ती स्वतःच्या फ्लॅटमध्ये केली, बायकोला, लोटा लोस्टेनला, समोर उभं केलं. लांबी तीन मिनिटांहून कमी. एक बाई, एक पॅसेज, एक दिव्याचं बटण. दिवा बंद केला की पॅसेजच्या टोकाला कोणीतरी उभं दिसतं. लावला की कोणी नाही. इतकंच. या एका नियमावर पुढे २०१६ मध्ये त्याच दिग्दर्शकाचा मोठा सिनेमा आला.

ही फिल्म तीनदा बघा, वही घेऊन. पहिल्यांदा नुसतीच. दुसऱ्यांदा आवाज बंद करून. तिसऱ्यांदा स्क्रीन उलटी ठेवून नुसती ऐका. वहीत चार रकाने आखा: कितवा सेकंद, काय दिसतं, काय ऐकू येतं, मला काय वाटलं. चौथा रकाना भरताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, पण खरी माहिती त्याच रकान्यात असते. कारण मग लक्षात येतं की सगळ्यात जास्त भीती वाटली ती आकृती दिसली तेव्हा नाही. बाईने पुन्हा बटणाकडे हात नेला तेव्हा. म्हणजे नियम प्रेक्षकाला समजल्यानंतर. अशा एकाच जॉनरच्या पाच-सहा शॉर्टफिल्म्सचा तक्ता झाला की पानं शेजारी-शेजारी ठेवायची. नियम साधारण कधी कळतो, तो पहिल्यांदा कधी मोडतो, डायलॉग किती आहेत, माणसं किती आहेत, हे आपोआप डोळ्यांसमोर येतं. हा झाला रिसर्च. व्हायव्हाला विचारलंच तर दाखवायला पुरावाही झाला.

पुण्यात असाल तर लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या लायब्ररीत एक दुपार काढा. जुन्या सिनेमांवर काय-काय लिहून ठेवलंय ते तिथे कळतं आणि आपल्या डोक्यातली ‘एकदम नवीन’ कल्पना किती जुनी आहे तेही.

खिशातला जॉनर

प्रत्येक जॉनर काहीतरी मागतो आणि प्रत्येकाची मागणी वेगळी असते.

लव्हस्टोरी दोन चांगले कलाकार मागते, बाकी फारसं काही नाही. पण ते दोघं कॅमेऱ्यासमोर बोलणारे हवेत. आपल्याकडे उत्तम ॲक्टर म्हणजे एकांकिका करणारा. भरत नाट्यमंदिरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायची सवय लागलेल्या मुलाला क्लोजअपमध्ये ‘मला तू आवडतेस’ म्हणायला लावा, म्हणजे प्रश्न कळेल. कॉमेडी सोपी वाटते आणि एडिटिंग टेबलवर रडवते. माहितीपट अनेक जण ‘स्क्रिप्ट नको, ॲक्टर नको’ म्हणून घेतात, पण त्याला जे लागतं तेच आपल्याकडे सगळ्यात कमी असतं: एकाच माणसाकडे पुन:पुन्हा जाण्याइतका वेळ आणि त्या माणसाचा विश्वास. थ्रिलरला रस्ता लागतो, गर्दी लागते, पाठलाग लागतो. रेल्वे स्टेशनवर शूट करायचं तर रेल्वेची परवानगी लागते. आणि खेळण्यातलं पिस्तूल घेऊन चौकात शूट करायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. लांबून बघणाऱ्याला ते खेळण्यातलं आहे हे कळत नाही, पोलिसांनाही.

पण हीच गोष्ट उलटीकडूनही बघता येते: आपल्याकडे जे कमी आहे ते कुठल्या जॉनरमध्ये चालून जातं? क्रिस्टोफर नोलनच्या ‘फॉलोइंग’चं (१९९८) उदाहरण यासाठी वाचण्यासारखं आहे. टीममधले सगळे नोकऱ्या करणारे, म्हणून शूटिंग शनिवारी, जवळपास वर्षभर. फिल्मचा रोल महाग, म्हणून आधी भरपूर तालमी आणि मग एक-दोन टेक. लाइट्स नाहीत, म्हणून खिडकीचा उजेड. आता हे सगळं ब्लॅक अँड व्हाइटमधल्या गुन्हेगारी गोष्टीत बसवलं की गरिबी शैलीसारखी दिसते. हीच अडचण घेऊन त्याने म्युझिकल करायला घेतली असती तर?

ओरेन पेलीचा ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ त्याच्या स्वतःच्या घरात झाला. बेडरूममध्ये ट्रायपॉडवर ठेवलेला कॅमेरा, कोपऱ्यात वेळ दाखवणारे आकडे, झोपलेलं जोडपं. कॅमेरा हलत नाही, कारण गोष्टीतल्या माणसांनीच तो लावून ठेवलाय. कॅमेरामन का नाही याचं उत्तर गोष्टीतच आहे. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये (१९९९) तर गोष्टीतली पात्रंच फिल्म बनवणारी विद्यार्थी मंडळी आहेत, त्यामुळे हललेला शॉट हा पुरावा ठरतो. मॉक्युमेंटरीचंही तेच. खोट्या विषयावर गंभीर चेहऱ्याने केलेला माहितीपट असल्यामुळे फोकस उडाला तरी तो विनोदात जमा. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी हा जॉनर इतका सोयीचा असून फार कमी ग्रुप तो घेतात, हे मला खरंच कोडं आहे. डिपार्टमेंटमधला एकमेव चालू चार्जिंग पॉइंट आणि त्यावरून पेटलेलं शीतयुद्ध, यावर आठ मिनिटं कोणीही आनंदाने बघेल.

आपल्याकडचं सगळ्यात गमतीदार उदाहरण रामसे बंधूंचं. सात भाऊ. कोणी लिहायचं, कोणी कॅमेरा, कोणी साउंड, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे. ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) त्यांनी महाबळेश्वरला गेस्ट हाऊसमध्ये शूट केला. मुक्काम तिथेच, लोकेशनही तेच. त्यांच्या सिनेमांना लोक अजून हसतात, पण घरातली माणसं मोजून, हाताशी असलेली जागा बघून जॉनर निवडायचा आणि मग तोच पकडून वर्षानुवर्षं काम करायचं, हे त्यांच्याकडून शिकावं असंच आहे. कुठल्याही कॉलेज ग्रुपचं प्रॉडक्शन मॉडेल याहून वेगळं नसतं. फक्त आपले सात जण भाऊ नसतात, त्यामुळे शूटिंगच्या चौथ्या दिवशी ग्रुप सोडून जाऊ शकतात.

रात्रीचे दहा ते चार

आणि इथे मुद्दा येतो घड्याळाचा.

आमचा ग्रुप सहा जणांचा. जॉनरवर मतदान झालं तेव्हा हॉररच्या बाजूने चार, विरोधात दोन. लोकशाहीप्रमाणे विषय संपायला हवा होता. पण विरोधातल्या दोघींना ‘का नको?’ विचारलं तेव्हा त्यांना हॉररबद्दल काहीच तक्रार नव्हती. उलट त्यातल्या एकीने आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त भयपट पाहिलेत. अडचण अशी की तिच्या हॉस्टेलचं गेट साडेआठला बंद होतं. दुसरी रोज तळेगावहून लोकलने येते. रात्री दहा ते पहाटे चार असं शूटिंगचं शेड्यूल कागदावर लिहिलं गेलं त्याच क्षणी त्या दोघी फिल्मच्या बाहेर गेल्या होत्या. हे कोणी ठरवलं नव्हतं, कोणाच्या मनातही नव्हतं. आम्ही जॉनर निवडला होता, एवढंच.

मग मागच्या काही बॅचच्या फिल्म्स पुन्हा काढून बघितल्या, या वेळी फक्त क्रेडिट्ससाठी. रात्री शूट झालेल्या फिल्म्समध्ये मुलींची नावं कुठे येतात? कॉस्च्युम, मेकअप, पोस्टर, सबटायटल्स. भुताच्या भूमिकेत एखादी, तीही बहुतेक वेळा कोणाची तरी बहीण. कॅमेरा, दिग्दर्शन, साउंड या ओळींमध्ये जवळजवळ सगळी मुलं. दिवसा शूट झालेल्या फिल्म्समध्ये चित्र एवढं एकतर्फी नव्हतं. आमच्याच डिपार्टमेंटपुरतं बघितलंय, यावरून मोठा सिद्धांत मांडायची घाई नाही. पण तुमच्याकडच्या क्रेडिट्स एकदा याच नजरेने वाचून बघा. पोर्टफोलिओमध्ये ‘सिनेमॅटोग्राफर’ लिहायचं की ‘कॉस्च्युम असिस्टंट’, हे कधी-कधी हॉस्टेलच्या गेटवर ठरतं आणि नंतर इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला तोच एक शब्द समोरचा माणूस वाचतो.

आणि हे फक्त मुलींपुरतंही नाही. आमच्यातला एक संध्याकाळी सहा ते अकरा मोबाइलच्या दुकानात काम करतो, त्यातून त्याची फी भरली जाते. रात्रीच्या शूटला तो आला असता, पण झोप न झालेला.

यावर पहिला उपाय निघाला तो घाऊक: हॉरर रद्द, काहीतरी ‘हलकंफुलकं’ करू. त्या दोघींनीच तो फेटाळला. आमच्यामुळे फिल्म मिळमिळीत झाली हे पुढची तीन वर्षं ऐकायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. रास्तच होतं. दुसरा उपाय होता दिवसा रात्र करण्याचा. बाहेरचा सीन असेल तर दुपारी कमी एक्स्पोजरवर शूट करून निळसर छटा द्यायची ही जुनीच युक्ती आहे. फ्रेंच लोक तिला ‘अमेरिकन रात्र’ म्हणतात आणि त्रुफोच्या १९७३ च्या सिनेमाचं नावच त्यावरून आहे. खोलीतला सीन असेल तर आणखी सोपं: खिडक्यांना काळा कागद लावा, झाली रात्र. हा पर्याय खरंच उपयोगाचा आहे, रात्रच हवी असेल तर.

पण रात्रच कशाला हवी, हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता.

दुपारची भीती

आपल्या आज्या-पणज्या भर दुपारी बारा वाजता मुलांना विहिरीवर, चिंचेखाली जाऊ द्यायच्या नाहीत. कोकणात, देशावर, सगळीकडे. ‘टळटळीत दुपार’ म्हटल्यावर जी शांतता आठवते ती काही साधी नाही. म्हणजे सामान आपल्याकडे पूर्वापार आहे. मग सिनेमात कोणी वापरलंय का, तेही शोधलं. ॲरी ॲस्टरचा ‘मिडसोमर’ (२०१९) हा भयपट स्वीडनच्या उन्हाळ्यात घडतो, जिथे सूर्य जेमतेम मावळतो. हिरवळ, फुलं, पांढरे कपडे, लख्ख उजेड आणि त्यात जे चालतं ते बघायला धीर लागतो. जेवणाआधी बघू नका. अंधारात काय लपलंय याची भीती तिथे नाहीच. सगळं दिसतंय आणि तरी काही करता येत नाही, याची आहे.

एफटीआयआयच्या चिदानंद नाईक यांची ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ ही शॉर्टफिल्म याच्या अगदी उलट. एक म्हातारी गावातला कोंबडा पळवते आणि गावात सूर्यच उगवत नाही. कन्नड लोककथेवरून केलेल्या या फिल्मला २०२४ मध्ये कान महोत्सवातल्या फिल्म स्कूल्सच्या स्पर्धेत, ‘ला सिनेफ’मध्ये, पहिलं बक्षीस मिळालं. त्यांच्या संस्थेतली साधनं आपल्याकडे नाहीत हे मान्य. पण फँटसी म्हटल्यावर आपल्याला व्हीएफएक्स आठवतात आणि इथे सगळी फँटसी एका कोंबड्यावर उभी आहे. कोंबडा तर कोणालाही परवडतो.

या दोन्हींचे तक्ते झाल्यावर आमच्या ग्रुपने गोष्ट शोधायची पद्धतच उलटी केली. कागदावर ‘काय सुचतं’ लिहायचं बंद केलं आणि ‘काय आहे’ लिहिलं. डिपार्टमेंटचा कॅमेरा, पाच वाजता परत करायचा. एक बरा लॅपटॉप. दोन कॉलर माइक. एकांकिकेत काम केलेले तिघे, त्यातला एक हळू बोलू शकतो. आणि एकीच्या काकांची चिंचवडची प्रिंटिंग प्रेस, जी गुरुवारी बंद असते.

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात गुरुवार हा सुट्टीचा वार. त्यामुळे शेजारची वर्कशॉप्सही बंद, म्हणजे आवाज नाही. तळेगावची लोकल चिंचवडला थांबते. पाचला पॅकअप केलं तर हॉस्टेलचं गेटही गाठता येतं आणि मोबाइलच्या दुकानाचीही फक्त सुरुवात चुकते.

प्रेसमध्ये आता सगळं काम कॉम्प्युटरवर होतं, पण कोपऱ्यात जुनं ट्रेडल मशिन आहे आणि लाकडी खणांमध्ये शिशाचे खिळे पडून आहेत, अक्षरांचे. काम मुख्यत्वे लग्नपत्रिकांचं, मधूनमधून दशक्रियेची पत्रं. आमची गोष्ट तिथेच पडलेली होती. प्रेसमध्ये नवीन लागलेली मुलगी लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासतेय. नवऱ्या मुलाच्या नावामागे ‘चि.’ऐवजी ‘कै.’ आलंय. ती लाल पेनने खूण करते, दुरुस्ती करते, पुन्हा प्रिंट काढते. पुन्हा ‘कै.’. पुन्हा दुरुस्ती. पुन्हा तेच. काचेपलीकडे तो मुलगा बाहेर चहा पितोय, पत्रिका न्यायला थांबलाय. बाहेर लख्ख ऊन आहे. पुढचं सांगत नाही, शूटिंग अजून व्हायचंय.

हॉररच आहे ना? त्या चार मतांना काही धक्का लागलेला नाही. रक्त नाही, मेकअप नाही, पांढरी साडी नाही. नियम एका अक्षराचा आहे आणि तो दुसऱ्या प्रिंटआउटला कळतो. आमच्या तक्त्याप्रमाणे तो दुसऱ्या मिनिटाच्या आत यायला हवा, सध्याच्या स्क्रिप्टमध्ये तो पावणेतीनवर आहे. त्यावर अजून भांडण चालू आहे.

कान आधी, डोळे नंतर

एक गोष्ट मात्र हॉरर, थ्रिलर, सस्पेन्स यातलं काहीही निवडणाऱ्याने पहिल्या दिवशीच करावी: लोकेशनवर जाऊन डोळे मिटून पाच मिनिटं बसावं. हल्लीच्या मोबाइलचं चित्र बऱ्यापैकी येतं, थोडं बिघडलं तरी प्रेक्षक चालवून घेतो. आवाज बिघडला की तो लगेच उठतो. आणि आपल्या शहरांत शांतता ही सगळ्यात महाग प्रॉपर्टी आहे. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, वरच्या मजल्यावरचं मिक्सर, मंडपातला स्पीकर आणि सगळ्यात मोठा व्हिलन म्हणजे पंखा. शूट करताना तो कोणालाच ऐकू येत नाही. एडिटला बसल्यावर दुसरं काही ऐकू येत नाही.

म्हणून रेकी करताना फोटो काढतो तसा रिकाम्या खोलीचा अर्धा-एक मिनिट आवाजही रेकॉर्ड करून ठेवायचा. कापलेल्या वाक्यांच्या मधल्या फटी भरायला तोच लागतो. बाकीचे आवाज घरी करता येतात. काकडी माइकजवळ मोडली की हाड मोडल्यासारखं वाटतं. कढईत काहीतरी तळायला टाकलं तर डोळे मिटून ऐका, पाऊसच. आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती गॅस बंद करून जाते. गाणं मात्र कुठलंही उचलून लावू नका. कॉलेजच्या स्क्रीनिंगला चालून जाईल, पण हक्क नसलेलं संगीत असेल तर पुढे फेस्टिव्हलला पाठवताना अडकाल.

चिंचवडच्या प्रेसमध्ये आम्ही असे बसलो तेव्हा एक आवाज सगळ्यांना ऐकू आला, कागदाचा. रिमच्या वरचा एकच कागद वाऱ्याने किंचित उचलला जात होता आणि पुन्हा पडत होता. हॉस्टेलवाली लगेच म्हणाली, फिल्मची सुरुवात यावर करू. साउंड तीच बघणार आहे. कॅमेरा तळेगाववाली. गुरुवारी तिकडे मेंटेनन्ससाठी वीज जाते, त्यामुळे पंख्याचाही प्रश्न नाही, फक्त बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज करून न्यायच्या आणि प्रिंटरवरचे शॉट्स वीज आहे तोवर, सकाळी नऊच्या आत उरकायचे.

नवऱ्या मुलाच्या भूमिकेसाठी वर्गातला एक जण तयार झालाय. पत्रिकेवर त्याचं खरं नाव छापायचं नाही, एवढीच अट आहे. ती त्याच्या आईने घातली आहे.